शिशाच्या नाण्यांवरची पांढरी भुकटी

चंद्रपूरच्या एका लहानशा संग्रहालयात मी झाडपुसीला होते. शिक्षण चौथी. गोष्ट १९८० नंतरची.

शिशाची जुनी नाणी ठेवायला नवी कपाटं आली. सागवानाच्या मुलखात राहून कपाटं मात्र भुसा आणि गोंद दाबून केलेल्या फळ्यांची. पुढून काच, घट्ट बंद. दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. मी सांगितलं, कोणी ऐकलं नाही.

होळीपर्यंत नाण्यांवर पांढरी भुकटी धरली. आमच्याकडे पितळ चिंचेनं घासतात, म्हणून संग्रहालयाच्या साहेबांनी सरळ मलाच धरलं.

"बाई, चिंच लावली ना तुम्ही?"

"चिंच घरी वरणात टाकायले पुरत नाई साहेब. तुमच्या नाण्यांले कुठून लावू?"

कारकून हसला, साहेब हसले नाहीत. मला कामावरून काढायचा कागद टाइप झाला, सही तेवढी राहिली.

त्याच आठवड्यात नागपूरहून एक रसायनवाल्या बाई नाणी पाहायला आल्या. मी त्यांना कपाटाचा वास घ्यायला लावला. फळीतून आम्लाची वाफ निघत असेल तर तीच शिशाला खाते, असं म्हणून त्यांनी दोन काचेच्या बरण्या मागवल्या. दोन्हीत शिशाची चकचकीत पट्टी आणि ओला कापूस. एकीत त्या फळीचा तुकडाही. बुचं घट्ट लावली. महिनाभर उष्णतेत ठेवायच्या होत्या. वैशाखात संग्रहालयामागच्या आमच्या पत्र्याच्या खोलीला वेगळी भट्टी लागत नाही.

मी म्हणाले, "बाई, बुचांवर लाखेचं सील लावा अन् खोलीची किल्ली साहेबांपाशी द्या. नाई तं मागून मलेच म्हणतील, हिनं हात लावला."

महिनाभर मी त्या खोलीत झाडूसुद्धा नेला नाही. धूळ साचली, साचू दिली.

सील साहेबांनी स्वतः तोडलं. फळी नव्हती त्या बरणीतली पट्टी होती तशीच. फळीजवळची पांढरी पडली होती, बोटाला भुकटी लागत होती.

"फळीनंच खाल्लं म्हणायचं," साहेब म्हणाले.

"मग माझा कागद?"

तो त्यांनी सगळ्यांसमोर फाडला. माफी मागितली नाही. मला ती नकोच होती.

कपाटं बदलायला बोलावलेला सुतार मला म्हणाला, "आता सागवान लावून टाकू, बाई."

"सागवानाचा तुकडाही आण. त्यालेही बरणीत घालून पाहू."

पुढे साहेब बदलत गेले. बरण्या मात्र मीच भरायचे. मी कामावरून निवृत्त होईपर्यंत, माझ्या बरणीत महिना न काढलेली एकही फळी नाण्यांच्या शेजारी बसली नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.