खाचांची पट्टी

"हीच ती. चोळायचं औषध पोरीला पाजणारी."

कंपौंडरनं खिडकीतून माझ्याकडं बोट केलं आणि सगळी सभा हसली. शाळेच्या मोठ्या खोलीत तालुक्यातली शे-दीडशे माणसं बसली होती. आम्ही महारवाड्यातली सात-आठ जणं बाहेर, खिडकीखाली, मातीत. आत टेबलामागं बागाईतदार बसले होते. ते म्हणाले, "उभी राहा गं. दिसू दे सगळ्यांना."

मी उभी राहिले. पदर नीट केला. का उभी राहिले ते आजही सांगता येत नाही. उभं राहा म्हटलं की उभं राहायची सवय होती, एवढंच. हसणाऱ्यांत ओळखीची तोंडं होती. त्यांच्या अंगणात मी शेणी थापल्या होत्या.

लढाई संपून वर्ष झालं होतं. सरकार गावोगाव दवाखाने काढणार, फुकट औषध देणार, बाळंतिणीला नर्स देणार, अशी बोलवा होती. त्यावर लोकांचं मत काय, हे लिहून घ्यायला ही सभा होती. वकीलसाहेब योजनेच्या बाजूनं होते. बागाईतदार विरोधात. कृष्णाकाठी त्यांचा ऊस उभा होता आणि दवाखान्यापायी शेतसारा वाढेल ही त्यांची काळजी होती. ते म्हणत होते, "आधी ह्यांना औषध घ्यायला शिकवा. मग काढा दवाखाने. स्वतःच्या पोरीला मारणारी माणसं ही."

वकीलसाहेब उठून म्हणाले, "अहो, म्हणूनच तर दवाखाने हवेत! हे अज्ञान घालवायला नको का?"

दोघांनीही बोट माझ्याकडंच केलं होतं. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी नुसती उभी.

आता ते कसं झालं, ते सांगते.

माझी तानू पाच वर्षांची होती. तिला ताप येत होता. सासूचा गुडघा सुजला होता, तिला उठता येत नव्हतं. नवरा पलटणीत, लांब ब्रह्मदेशाकडं. मंगळवारी तालुक्याला बाजार असे, त्या दिवशी मी तानूला कडेवर घेऊन दवाखान्यात गेले. दोन कोस चाल. बाटली आपली आपण न्यायची, असा नियम होता. नवऱ्यानं मागल्या रजेत पलटणीतून दोन चपट्या बाटल्या आणल्या होत्या. दोन्ही अगदी सारख्या. त्याच धुऊन नेल्या.

दवाखान्याची पायरी आम्ही चढत नव्हतो. पायरीखाली एक दगड होता. त्यावर बाटली ठेवायची आणि चार हात मागं सरायचं. बाकीच्यांचं सगळं उरकलं की कंपौंडर बाहेर यायचा. हातात लांब तोटीचं भांडं. वरूनच धार धरायचा. निम्मं बाटलीत, निम्मं दगडावर. डॉक्टर व्हरांड्यातूनच जीभ बघायचे. "आ कर," म्हणायचे. नाडी कधी बघितली नाही.

त्या दिवशी कंपौंडरनं दोन्ही बाटल्या भरल्या आणि म्हणाला, "ही पोटात घ्यायची, दिवसातून तीनदा. ही गुडघ्याला चोळायची. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. पोटात घ्यायची उजव्या हातात, चोळायची डाव्या. आम्ही सगळे असंच करत होतो. हातांनी लक्षात ठेवायचो. तानू माझ्या पदराला धरून चालत होती. अर्धी वाट मी दोन्ही मुठी घट्ट आवळून चालले. मनात एकच चालू होतं, उजवी पोटात, डावी गुडघ्याला.

वाटेत ओढा लागतो. तानूला ग्लानी आली. ती बसली ती उठेना. पाणी गुडघ्याच्या वर होतं. तिला खांद्यावर घ्यायची तर हात मोकळे हवेत. मी दोन्ही बाटल्या कमरेशी लुगड्याच्या ओट्यात खोवल्या आणि पोर उचलली.

पलीकडं गेल्यावर ओट्यातून बाटल्या काढल्या आणि तिथंच उभी राहिले. कुठली कुठली ते कळेना. दोन्हींत तपकिरी, गढूळ औषध. दोन्हींचा वास घेतला. दोन्हीला उग्र वास. सरकारी औषधाला गोड वास कधी आला होता? परत जावं म्हटलं तर दवाखाना बंद झालेला. घरी सासूला वास घ्यायला दिला. ती म्हणाली, "मला काय कळतंय पोरी? तूच आणलीस न्हवं."

दिवेलागणीला मी त्यातली एक तानूला पाजली. तिनं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, "औषध कडूच असतंय. गीळ." तिनं गिळलं. शहाणी होती.

सकाळी तिला घेऊन मी पुन्हा दवाखान्यात होते. बाटली ठेवायच्या दगडावर तिला ठेवलं, कारण दुसरी जागा नव्हती. कंपौंडर पायरीवरून वाकला. वास त्याला लांबूनच आला. "अगं, चोळायचं पाजलंस की!" तो ओरडला. डॉक्टर व्हरांड्यात आले. तिथूनच बघितलं. खाली उतरले नाहीत. थोड्या वेळानं बघायचं काही उरलं नाही.

मला रडू आलं नाही. तिला उचललं आणि घरी आले. ओढा त्याच जागी ओलांडला.

पुढं बाजारात माझं नाव पडलं, चोळायचं पाजणारी. मी ते नाव घेतलं. भांडले नाही. कारण माझ्याच हातानं पाजलं होतं. नवऱ्याला पत्र लिहून घ्यायचं होतं, ते तसंच राहिलं. तो लढाईहून आला तेव्हा त्यानं घरात एकदा नजर फिरवली आणि काही विचारलं नाही. सासूनं पुन्हा गुडघ्याला काही लावलं नाही. आम्ही तिघं जेवत होतो, कामाला जात होतो. आत सगळं गार पडलं होतं.

अशी दोन वर्षं गेली. आणि मग ही सभा.

मी उभीच होते. वकीलसाहेबांनी डॉक्टरांना बोलायला सांगितलं. डॉक्टरांनी टेबलावर चार-पाच बाटल्या मांडल्या. एकीवर पांढऱ्या कागदाची उभी पट्टी चिकटवलेली. पट्टीच्या कडेला कात्रीनं खाचा पाडलेल्या. डॉक्टर म्हणाले, "ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं, म्हणून ही पट्टी. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. आणि ही निळी बाटली बघा. विषारी, वरून लावायची औषधं हिच्यात. हिला कंगोरे आहेत. आंधळ्यानं नुसता हात फिरवला तरी कळतं की हे प्यायचं नाही. इतकी सोय केलेली आहे. तरी लोक चुकतात. त्याला आपण काय करणार?"

त्यांनी निळी बाटली उंच धरली. खिडकीतून ऊन तिच्यावर पडलं.

पाटलांच्या घरी खिडकीत ठेवलेल्या बाटलीवर मी तसला पांढरा कागद लांबून बघितला होता. मला वाटलं, नाव लिहिलं असेल. आपल्याला वाचता येत नाही, म्हणून नजर काढून घेतली होती. निळी बाटली तर जन्मात पहिल्यांदा बघत होते. मी माझे हात बघितले. उजवा बघितला, डावा बघितला. माझ्या हातांना कंगोरे कळले असते. ओट्यात खोवल्यावरही कळले असते.

दोन वर्षं मी स्वतःला मारेकरी म्हणत होते. तिथं खिडकीपाशी ते थांबलं. राग आला असं म्हणणार नाही. गार होते तशीच गार होते. फक्त आता दिसत होतं.

"आवं डाक्तरसायेब," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "ही निळी बाटली आमाला कवा दिली?"

डॉक्टरांनी कंपौंडरकडं बघितलं.

"आमच्या बाटलीला ही पट्टी कवा चिकटवली?"

कंपौंडरनं उत्तर दिलं. लपवलं नाही, लाजलाही नाही. "निळी बाटली परत घ्यावी लागते, साहेब. ह्यांच्या घरातली परत कशी घेणार? आणि पट्टी लावायची तर बाटलीला हात लागतो."

कुणी हसलं नाही. पण कुणाला धक्काही बसला नाही. माना हलल्या. बरोबरच होतं त्याचं, त्यांच्या लेखी.

वकीलसाहेब खाकरले. "हा प्रश्न वेगळा आहे, बाई. त्याचा विचार सवडीनं होईल. आजचा विषय योजनेचा आहे. तुम्ही एवढंच सांगा, तुमच्या गावात दवाखाना हवा की नको?"

"त्यो दवाखाना आमच्या बाटलीला हात लावणार हाय का?"

"ते पुढं बघू."

"मग माझं मत बी पुढंच बघा."

बागाईतदारांनी टेबलावर थाप मारली. खूश झाले. "ऐका! ह्यांनाच नको आहे दवाखाना!"

"तुमच्या बाजूनं बी न्हाई मी," मी म्हटलं. "माझ्या पोरीचं नाव घेऊ नगा."

तरी कारकून कागद आणि शाई घेऊन खिडकीशी आला. काय लिहिलंय, मी विचारलं. त्यानं वाचून दाखवलं, हरिजन समाजातर्फे योजनेला पसंती. माझा अंगठा धरायला त्यानं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. तोही शिवणार नव्हता. शाईची डबी त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि मागं सरला, चार हात.

मी अंगठा मुठीत धरला आणि घरी आले.

त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. ओढ्यापासून. तो म्हणाला, "पलटणीत आमच्या बाटल्यांना पट्टी असायची. मी कवा ध्यानात घेतलं न्हाई."

पुढच्या मंगळवारी सासूच्या गुडघ्यासाठी मी दवाखान्यात गेले. दगडावर बाटली ठेवली. पण चार हात मागं सरले नाही. शेजारीच बसले. कंपौंडर भांडं घेऊन आला.

"सर मागं."

"निळी बाटली द्या. न्हाईतर हिला पट्टी लावा. मग वता."

"हात काढ."

माझा तळवा बाटलीच्या तोंडावर होता. त्यानं धार सोडली. औषध माझ्या हातावर पडलं, बोटांतून दगडावर गेलं, दगडावरून मातीत. उग्र वास आला. तोच वास, आता मला ओळखू येत होता. भांडं रिकामं होईपर्यंत तो ओतत होता. बाटलीत थेंब गेला नाही.

रिकामी बाटली घेऊन मी उठले आणि म्हटलं, "फुडल्या मंगळवारी येतो."

त्या मंगळवारी गेले. त्याच्या पुढच्याही. गावोगाव दवाखाने होवोत, न होवोत, सभेत कुणीही जिंको. वरून पडणारी धार माझ्या घरात पुन्हा येणार नाही. हात काढणार नाही.