उमरेडची सुमन

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. मला ओळखणारे यावर पोट धरून हसतील — निर्मलाच्या तोंडात गोष्ट राहिली? लग्नाची पंगत असो, एस.टी.ची रांग असो, दवाखान्यातला बाक असो. दोन कान दिसले की माझा खेळ सुरू! नकला, आवाज, हातवारे, सगळं. पण ही एक मी वीस वर्षं दाबून ठेवली. नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही. आज कागदावर सांगते. जरा जवळ सरकून बसा.

सासष्ट-सदुसष्टचा काळ. मी बावीस वर्षांची, नुकती बी.ए. झालेली. लकडगंजात एका लाकडाच्या वखारीवर खोली होती, खाली दिवसभर करवत कर्र-कर्र ओरडायची, आणि वर आमचे गुरुजी — निवृत्त हेडमास्तर — मिडल स्कूलच्या मुलांसाठी टपालाने लेखनवर्ग चालवायचे. काय अफाट कल्पना होती! दर पंधरा दिवसांनी मुलांना पोस्टकार्डावर विषय जायचा. मुलं निबंध लिहून पाकिटातून पाठवायची. मी लाल शाईने तपासून परत धाडायची. आणि महिनाअखेरी सगळ्यात चांगला निबंध स्टेन्सिलवर कोरायचा, सायक्लोस्टाइल करायचा, आणि त्याची प्रत प्रत्येक मुलाला. शिकवणारे शिकणाऱ्यांना कधी पाहायचे नाहीत, शिकणारे एकमेकांना पाहायचे नाहीत. सगळा कारभार पोस्टमनच्या भरवशावर.

पण ते निबंध! विषय गाय दिला — साठ पाकिटं, साठ गाई, आणि साठही एकच! ‘गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे.’ सगळी एकाच गाइडातून हंबरत होती. लाल शाई तरी कुठं-कुठं फिरवणार?

एका महिन्यात छापण्याजोगा एकही निघाला नाही. गुरुजी लग्नाला वर्ध्याला गेलेले. स्टेन्सिल समोर, मी समोर — आणि माझे हात शिवशिवायला लागले. हो, तिथंच झालं ते. मी बारा वर्षांची झाले. नाव घेतलं सुमन, इयत्ता सातवी, राहणार उमरेड, मारुतीच्या देवळामागे, विणकराची मुलगी. उमरेडला माझी आत्या होती, तिच्या घरचा माग मला पाठ होता. मी लिहिलं, की आमचा माग चार दिवस बंद पडला, तेव्हा खटखट नाही म्हणून बाबांना दुपारची झोपच येईना. शेवटी आजी त्यांच्या उशाशी बसून पाट वाजवत राहिली. लिहिताना मी एकटीच हसत होते हो! असा आनंद मला परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

गुरुजींनी वाचलं आणि चष्मा काढला. ‘निर्मले, ही पोरगी कुठून पैदा झाली वं?’

‘उमरेडची आहे गुरुजी. नवी आहे.’

‘हिले सांभाळ. अशी पोरगी जन्मात एखादी मिळते.’

सांगायला हवं होतं ना, तेव्हाच? पण जादू झाली होती! पुढच्या खेपेला पाकिटं उघडली तर गाय गायब. एकाची म्हैस विहिरीत पडलेली, एकीचे काका स्वतःच्याच वरातीत घोड्यावरून घसरलेले, एकाचे मास्तर वर्गात झोपलेले — नावासकट! मुलं खरं लिहायला लागली, सुमन लिहिते तसं. मग दर महिन्याला सुमन. आणि मुलं तिला पत्रं लिहायला लागली, वर्गाच्या पत्त्यावर. मी उत्तरं द्यायची, वेगळ्या निळ्या शाईत, गोल-गोल अक्षरात.

सगळ्यांत जास्त पत्रं चंद्रकलाची. भिवापूरजवळच्या खेड्यातली, सहावीतली, मिरचीची शेती. निबंध पुस्तकी भाषेत लिहायची पोर, पण सुमनला घरच्या बोलीत लिहायची. ‘मिरची तोडून राहिली होती तं डोळे चुरचुरले, मग मी रडूनच घेतलं, कोणाले काही कळलं नाही.’ वाचा हे पुन्हा! अकरा वर्षांची मुलगी! मी बाई म्हणून तिच्या निबंधावर लाल शाईत लिहायची, ‘अक्षर सुधारा.’ आणि त्याच दुपारी सुमन होऊन निळ्या शाईत लिहायची, ‘तू माझ्याहून चांगलं लिहितेस.’ तिचा विश्वास कुणावर बसला असेल, सांगा?

मग ते पत्र आलं. ‘पुढच्या सोमवारी बाबा उमरेडच्या बाजारले येऊन राहिले. मी संगं येतो. देवळामागं तुले भेटतो. घरीच राहाजो वं.’

पुढचा सोमवार म्हणजे हातात आठ दिवस होते. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी घेतलंही. ‘प्रिय चंद्रकला’ लिहिलं — आणि पुढे काय लिहू? सुमन नाही म्हणून? मला सुमन मारवेना. आणि — हे लिहिताना पेन अडतंय — मला ती मुलगी बघायची होती. माझ्याच नाटकाला पहिल्यांदा प्रेक्षक येणार होता! मी स्वतःला सांगितलं, समोरासमोर सांगू, तेच बरं. आणि सोमवारी आत्याकडे जाते म्हणून उमरेडची बस पकडली.

देवळामागच्या गल्लीत मी पोचले तेव्हा ती तिथं होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, तेल चापून लावलेलं. हातात आमचे ते सायक्लोस्टाइलचे कागद, गुंडाळी करून. एकेका दारात जायची, कागद दाखवायची, विचारायची. माग थांबायचा, माणसं माना हलवायची, माग पुन्हा सुरू. मागून तिचा बाप, खांद्यावर पिशवी. ‘चाल वं माय आता, बाजार उठून जाईन.’ ‘आखरी घर, बाबा.’ असं तिनं चारदा म्हटलं. मी मोजलं.

आणि मग ती माझ्याकडेच आली.

‘ताई, इथं सुमन कुठं राहते वं? सातवीत हाय. निबंध लिहिते.’

मला किती वेळ होता ठाऊक आहे? भरपूर. ती मान वर करून माझ्याकडे बघत उभी होती. मी गुडघ्यांवर बसून सांगू शकले असते. मी तोंड उघडलं — आणि माझा तो सवयीचा, गोष्ट सांगायचा गोड आवाज बाहेर आला.

‘सुमन? अगं, ते लोक गाव सोडून गेले. मागच्याच आठवड्यात.’

‘मले न सांगता?’

मी मान हलवली. वाईट वाटल्याचा चेहराही केला. चांगला जमला.

तिनं बापाच्या पिशवीतून एक वही काढली. ‘परत आली तं तिले देजा, ताई.’ आणि गेली.

बसमध्ये मी वही उघडली. एक पान भरलेलं, एक कोरं. एक भरलेलं, एक कोरं. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘एक पान माझं, एक तुझं.’ शेवटपर्यंत तसंच. कोरी पानं अजून कोरीच आहेत.

गुरुजींना मी सांगितलं की सुमनचं कुटुंब गाव सोडून गेलं. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सोपं जातं. पुढच्या खेपेचा विषय त्यांनीच काढला — माझी मैत्रीण.

चंद्रकलाचं पाकीट वेळेवर आलं. मी ते सगळ्यांत शेवटी उघडलं. ‘मैत्री ही मानवी जीवनातील अनमोल ठेव आहे. खरा मित्र संकटात ओळखता येतो.’ दीड पान. गाइडातलं, शब्दन् शब्द. कुठं मिरची नाही, बाप नाही, डोळे चुरचुरले नाहीत. अक्षर मात्र मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही. तिचा तो शेवटचा निबंध.

मी लाल शाईत त्याला दहापैकी आठ दिले. खाली शेरा लिहिला, ‘अक्षर सुधारले आहे.’ सही केली, आणि पाकीट टपालात टाकलं.