आमच्या साडूंचं भाज्यातलं घर

घर बांधून झाल्यावर त्यात राहायला जाणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. पण पाया खणायच्याही आधी घरात राहायला गेलेला माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, तिचे हे यजमान. मालगाडीवर गार्ड होते. उभी नोकरी घाट चढण्या-उतरण्यात गेली आणि उभा संसार खंडाळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. सरकारी भिंतीवर खिळा ठोकायचा तर वरिष्ठांची परवानगी लागते, अशी त्यांची ठाम समजूत होती. आणि वरिष्ठांना एवढ्यासाठी त्रास द्यायचा नाही, हा त्यांचा स्वभाव होता. त्यामुळे त्यांचा लग्नातला फोटो कायम ट्रंकेवर टेकवून उभा असायचा आणि कोणी जोरात शिंकलं की नवरा-नवरी तोंडावर पडायची.

अशा माणसाने रिटायर होता होता भाजे गावात, लेण्यांच्या वाटेवर, जमिनीचा एक तुकडा घेतला आणि आपण आता स्वतःच्या मालकीची भिंत बांधू शकतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग काय विचारता!

पहिल्याच रविवारी आम्हा दोघांना बोलावणं आलं. चिंचवडहून लोकल पकडून मळवलीला उतरलो, चालत भाज्याला पोचलो. बघतो तर मोकळी जमीन, तिच्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा, आणि रेघांच्या मधोमध चटई टाकून बसलेले साडू. मी सरळ त्यांच्याकडे निघालो.

"थांबा, थांबा! भिंतीतून कुठे येताय?"

माझा एक पाय हवेतच राहिला.

"दार पूर्वेला आहे. वळसा घालून या."

मी वळसा घातला. दारात, म्हणजे दोन रेघांच्या मधल्या फटीत, जाऊन उभा राहिलो. साडू चटईवरून हलेनात. "बेल वाजवा की," म्हणाले.

"कुठे आहे बेल?"

"तोंडाने वाजवा हो!"

या वयात, भर उन्हात, मी मोठ्याने "टिंगटाँग" म्हणालो. पलीकडच्या वावरात शेण पसरणारा एक माणूस कंबर सरळ करून माझ्याकडे बघत राहिला. साडू सावकाश उठले, हवेतली कडी काढली, हवेतलं दार आत ओढलं आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "या, या! किती दिवसांनी पाय लागले!" आम्ही आदल्याच संध्याकाळी भेटलो होतो.

ताई सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसायची. "ह्यांना बाई काहीतरी झालंय," असं माझ्या बायकोच्या कानात पुटपुटायची. पण महिनाभरात तिलाही त्याची गोडी लागली. स्टोव्ह स्वयंपाकघराच्या चौकोनात ठेवलेला असायचा. तिथून चहा घेऊन निघाली की नसलेला उंबरा ओलांडायला ती साडी किंचित उचलून पाय वर घ्यायची. बायको तर तिच्याही पुढे गेली. एकदा बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, पडद्यांचा रंग छान निवडलास गं." आणि साडूंनी मागे वळून पडदे पाहिले.

शेजारी शेळ्या पाळणारी एक मावशी राहायची. तिची रोजची वाट नेमकी साडूंच्या बेडरूममधून जायची. पहिल्यांदा साडूंनी तिला हात जोडले. "मावशी, बेडरूममधून शेळ्या नका हो नेऊ."

"अगं बया," मावशी जागच्या जागी थबकली. "मला भिताड दिसलंच न्हाई!" तिने खरोखर शेळ्या हाकलून मागे घेतल्या आणि घराला प्रदक्षिणा घालून गेली. पुढे ती दूध घेऊन यायची तेव्हा फटीपाशी उभी राहून ओरडायची, "दार उघडा की वं कुणीतरी! किती येळ उबी ऱ्हाऊ?"

झोपून पाहिल्याशिवाय खोली कळत नाही, हा साडूंचा सिद्धांत. जेवण झालं की नवरा-बायको फक्कीच्या बेडरूममध्ये चटया टाकून आडवी व्हायची. तिसऱ्या प्रहरी ऊन साडूंच्या डोळ्यांवर आलं, आणि ते ताडकन उठून बसले. "घर चुकलं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खं घर फिरवलं. मग डोंगरावरून येणारा वारा पायांऐवजी डोक्याला लागतो असं ध्यानात आलं, म्हणून आणखी थोडं फिरवलं. घर बांधायला टाकव्याचा एक मिस्त्री ठरवला होता. तो दोरी आणि खुंट्या घेऊन येई, घर नव्या दिशेला तोंड करून बसलेलं पाही आणि खुंट्या पुन्हा पिशवीत टाकी. एकदा न राहवून म्हणाला, "भाऊ, घर हाय का घड्याळाचा काटा? एकदा काय ते ठरवा, म्हंजी मला दरवाजा कुटं ते तरी कळंल."

शेवटी वारं मनासारखं लागलं आणि पाया खणला गेला.

स्लॅबच्या दिवशी आम्ही मुद्दाम पहाटेच्या गाडीने गेलो. सकाळपासून मिक्सर घरघरत होता, टाकव्याहून आलेल्या बायामाणसांची रांग लागली होती, आणि साडू आपल्या नोकरीतली शिट्टी आणि दोन्ही झेंड्या घेऊन रस्त्यालगतच्या कठड्यावर उभे होते. हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय घमेलं उचलायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं. हिरवी झेंडी हलली, शिट्टी वाजली, काम सुरू झालं. मध्येच ताईने चहा आणला म्हणून साडूंनी काम थांबवायला लाल झेंडी उंच धरली.

तो सुटीचा दिवस होता. लेणी बघायला निघालेल्या गाड्यांची रीघ लागलेली. पहिल्या गाडीवाल्याने लाल झेंडी पाहिली आणि कचकन ब्रेक मारला. त्याच्या मागचा थांबला, त्याच्या मागचा थांबला, आणि बघता बघता रांग पार वळणाच्या पलीकडे गेली. एकाने काच खाली करून अदबीने विचारलं, "अंकल, यहाँ फाटक है क्या? ट्रेन कब आएगी?"

साडूंनी चहाचा कप खाली ठेवला. "आज ट्रेन नही है," ते गंभीरपणे म्हणाले, "आज स्लॅब है."

गाड्यांमधून हॉर्न सुरू झाले. मिस्त्री वरून ओरडला, "भाऊ, हिरवी दाखवा, हिरवी! नायतर निम्मं पुणं हितंच मुक्कामाला ऱ्हाईल!" साडूंनी गडबडीने हिरवी झेंडी हलवली, तर गाड्याही सुटल्या आणि घमेलीही सुटली, आणि एक बाई कपातला चहा घमेल्यात सांडून तशीच वर चढली. आमच्या साडूंच्या स्लॅबमध्ये एक कप चहा आहे, हे मी खात्रीने सांगू शकतो.

मग विटांच्या भिंती चढू लागल्या, आणि इतके दिवस कोणाच्याही लक्षात न आलेली एक गोष्ट उघडी पडली.

ताईने घराकडून एकच मागितलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे हवी. खंडाळ्याच्या क्वार्टरमध्ये तिच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून घाटाचा काळा कातळ दिसायचा, आणि पावसाळाभर त्याच्यावरून पाणी गळायचं. बाकी काही नाही. नवरा गाडीवर, आणि ही कातळाकडे तोंड करून भाकऱ्या थापतेय. म्हणून तिने सांगितलं होतं, मला कोण आलं, कोण गेलं हे दिसू दे. साडूंनी मान डोलावली होती. मनापासून डोलावली होती. पण वाऱ्याच्या नादात घर फिरत गेलं आणि त्याच्याबरोबर स्वयंपाकघरही फिरलं. फक्कीच्या घरात ते कळणार कसं? तिथे भिंतच नव्हती. ओट्याच्या जागी उभं राहिलं की रस्ता, डोंगर, मळवलीकडून येणारी माणसं, सगळं दिसायचं. आता विटांचा एकेक थर चढला तसा ताईच्या डोळ्यांसमोर रस्ता मिटत गेला. खिडकीसाठी सोडलेली मोकळी जागा होती, पण मागच्या अंगाला. तिच्यातून शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत दिसत होती.

"खिडकी?" ताईने विचारलं.

"आहे की. मस्त हवा येते," साडू म्हणाले आणि वाऱ्याविषयी बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन ताई आमच्या दारात उभी होती. "राहते जरा," म्हणाली. बायकोने चार वेळा खोदून विचारल्यावर एवढंच म्हणाली, "आजवर कातळाकडे बघत भाकऱ्या थापल्या, आता गोठ्याकडे बघत थापायच्या. रिटायर काय ते हेच झालेत." आणि आमच्या ओट्यापाशी जाऊन, कोणी सांगितलं नसताना, वाटाणे सोलत बसली.

तिसऱ्या दिवशी साडू आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. सोफ्यावर बसून माझ्याशी फरशांविषयी बोलले, बाथरूमच्या दाराविषयी बोलले, मळवलीच्या पुलाविषयी बोलले. आत ताईच्या हातातल्या शेंगा तडतड मोडत होत्या. मला तर फरशीचा एक शब्दही कळत नव्हता. खंडाळ्याची क्वार्टर सोडायची वेळ जवळ आली होती, आणि या दोघांनी एकमेकांशी न बोलता त्या घरात जायचं म्हणजे कसं, हाच हिशेब मी मनात मांडत होतो. अखेर साडू उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, भिंत फोडायची म्हणतोय. कुठून फोडू, तेवढं सांगायला चल."

"मी सांगेन तिथून फोडाल?"

"फोडीन."

"घरातून तुमचं वारं जाईल."

"जाऊ दे," साडू म्हणाले. "पंखा लावू."

आम्ही चौघंही त्याच दुपारच्या गाडीने निघालो. ताईने कोळशाने भिंतीवर चौकोन काढला. मिस्त्रीने घण उचलला, तेवढ्यात ताई म्हणाली, "आणा इकडे." मिस्त्रीने साडूंकडे पाहिलं, साडूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी आपलं वर स्लॅबकडे पाहिलं. ताईने पदर खोचला. पहिल्या घावाला नुसती धूळ उडाली. दुसऱ्याला एक वीट हलली. तिसऱ्या घावाला मात्र तिच्या तोंडून शब्द फुटले.

"हा... गणपतीत घरी नव्हतात त्याचा!"

वीट पलीकडे पडली.

"हा माझ्या बाबांच्या आजारपणात गाडी सोडता येत नाही म्हणालात त्याचा! हा लग्नाच्या वाढदिवसाचा! हा प्रत्येक वाढदिवसाचा!"

साडू मागे हात बांधून उभे होते. प्रत्येक घावाला मान डोलवत होते. "बरोबर आहे... तोही बरोबर आहे... नाही, त्या वर्षी आलो होतो मी," असं म्हणाले, आणि ताईने वळून पाहिल्यावर, "उशिरा आलो होतो," अशी लगेच दुरुस्ती केली. कोळशाचा चौकोन केव्हाच नाहीसा झाला होता. ताईचा घण थांबेना. शेवटी मिस्त्री धावत मध्ये पडला.

"वैनी, बास, बास! खिडकी व्हती ती! आता हितनं बैलगाडी जाईल!"

ताई थांबली. केस, भुवया, कुंकू, सगळं लाल धुळीने माखलेलं. तिने समोर पाहिलं. भगदाडातून पूर्ण रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावर आपल्या शेळ्या घेऊन मावशी आ वासून उभी होती. "काय झालं गं बाय?" तिने विचारलं. ताई जी हसत सुटली ती खालीच बसली. तिचं बघून माझी बायको, मग मिस्त्री, मग मी. साडू सगळ्यांत उशिरा हसले, पण एकदा सुरू झाल्यावर त्यांना डोळे पुसावे लागले, आणि ते बराच वेळ पुसत राहिले.

खिडकी भगदाडाएवढीच ठेवली. सुताराने कपाळाला हात लावला, पण केली. पावसाळ्यात पाणी ओट्यापर्यंत येतं. ताई फडकं फिरवते आणि तक्रार करत नाही.

घर पूर्ण झालं, वास्तुशांत झाली, सगळे जेवून गेले. त्यानंतर आमचं जाणं कमी झालं. कधी पाहुणे, कधी काही, कधी नुसता कंटाळा. मध्यंतरी गेलो तेव्हा साडू मला गप्प गप्प वाटले. अंगणात आले, म्हणाले, "बांधत होतो ना, तेव्हा रोज कोणीतरी असायचं. मिस्त्री, त्याची माणसं, तुम्ही. घर झालं, आणि येणारं कोणी राहिलं नाही." मग हसून विषय बदलला आणि नळाची तोटी दाखवायला घेऊन गेले.

आता त्यांनी वरच्या मजल्याचं काढलंय. मी ताईला बाजूला घेऊन म्हणालो, "अगं, दोन माणसांना वरचा मजला कशाला?"

"आम्हाला कशाला हवाय?" ती म्हणाली. "पण मिस्त्री तरी येईल रोज."

मजला व्हायचा तेव्हा होईल. तूर्त फाटकाबाहेर रस्त्याला लागून एक सिमेंटचा कट्टा झालाय, दमलेल्या कोणीही बसावं म्हणून. लेण्यांवरून उतरणारी मुलंमुली बसतात, गावातले म्हातारे बसतात, आणि साडू पाइप घेऊन आत झाडांना पाणी घालत त्यांचं बोलणं ऐकतात. त्या झाडांना इतकं पाणी मिळतं की निम्मी कुजली आहेत. परवा आम्ही संध्याकाळच्या गाडीला निघालो तेव्हा कट्ट्यावर कोणी नव्हतं. मग ती दोघंच येऊन बसली, आणि आम्हाला हात हलवत राहिली. वळणावरून मी मागे पाहिलं. सगळा कट्टा मोकळा, पण दोघं अगदी दोन टोकांना बसली होती. मध्ये, कोणी येईल म्हणून, दोन माणसं सहज मावतील एवढी जागा सोडून.