तलावाकडचा पूल

धर्मराज आणि झुंबरबाई हे जोडपं बहात्तरच्या दुष्काळात भोकरदनकडच्या एका खेड्यातून जालन्याला आलं. एकुलती एक लेक बेबीनंदा राजूरला दिलेली होती. गावात थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. तसं ते आधीही फारसं नव्हतं. छप्पन्न साली धर्मराजने बुद्धाचा धम्म घेतला आणि बापाकडून चालत आलेली गावकी त्याच दिवशी सोडली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, चावडी झाडायची नाही, भाकरीसाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. गावातल्या मोठ्या घरांनी मग त्याला मजुरीला बोलावणंच सोडलं. तो चार कोस चालत परगावी कामाला जायचा, पण झाडू त्याने पुन्हा हातात धरला नाही. या एका गोष्टीचा त्याला फार अभिमान होता, आणि झुंबरबाईला त्याचा.

जालन्यात त्यांना दुष्काळी काम मिळालं. शहर आणि तलाव यांच्यामध्ये एक खोल नाला होता. त्यावर पायी जाण्यापुरता पूल बांधायचा आणि पलीकडे तलावाच्या काठाने फिरायला रस्ता करायचा, असं ठरलं होतं. शेवटी एक बागही होणार होती. तलावात तेव्हा पाणी नव्हतं, चिखलाच्या नुसत्या खपल्या होत्या. बायका डोक्यावरून मुरूम वाहत होत्या, पुरुष दगड फोडत होते.

"ह्या रस्त्यानं लोक कुठं जाणार?" झुंबरबाईने एकदा विचारलं.

"कुठंच न्हाई. पाण्यापतुर जायाचं अन् परत यायाचं."

"मंग जायाचं कशाला?"

"हवा खायाला." धर्मराज हसला. "आपुन बी जाऊ. पाणी येऊ दे."

तो असं बोलायचा, कारण त्याने मनात एक आशा धरली होती. कामावरचा मुकादम कारभारी त्याला म्हणाला होता, "बाग झाली की फाटकावर माणूस लागंल. कायमचा. तुझं नाव घालतो मी." फाटकावरचा माणूस म्हणजे खाकी कपडे आणि हातात किल्ली. कोण आत येतं, कोण बाहेर जातं हे बघायचं. जन्मभर ज्याला दारातून परत पाठवलं, त्याला स्वतःचं एक दार मिळणार होतं. तो त्यावर फार बोलायचा नाही. पण कामावरून आल्यावर दाढी करायला लागला होता.

पुलाचा मधला खांब उभा राहत असताना ते झालं. घडीव दगड दोरखंडाने खाली सोडत होते. दोर सुटला. बाकीचे बाजूला झाले. धर्मराज खाली वाकून चुना पसरत होता, त्याला कळलंच नाही. सरकारी दवाखान्यात त्याचा पाय वाचला, पण गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. काखेत कुबडी आली.

तो घरी पडून असताना पाऊस झाला, तलाव भरला, पूल पूर्ण झाला. एके दिवशी कारभारी झोपडीशी आला. तो वाईट माणूस नव्हता. दारातच उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत बोलला.

"धर्मराज, फाटकावर दुसरा माणूस घेतला. मी सांगून पाह्यलं. बागेचे कमिटीवाले म्हनले, पोरं भिंतीवरून उड्या मारत्यात, त्येंच्या मागं धावनारा पायजे."

धर्मराजने कुबडी आपल्याजवळ ओढून घेतली.

"पन एक काम हाय. रोज सकाळी रस्ता झाडायचा, पूल झाडायचा. बाईला देतो. बराबर रोजी मिळंल."

झुंबरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं.

कारभारी गेल्यावर तो म्हणाला, "तू जानार?"

"घरात पीठ न्हाई."

"म्या इचारलं, तू जानार का?"

"जानार," ती म्हणाली.

ती गेली. पहाटे निघायची आणि लोक फिरायला यायच्या आत पुलावरचा पाला, शेंगांची टरफलं, बिड्यांची थोटकं गोळा करायची. धर्मराज तिने आणलेलं खायचा, पण तिच्याशी बोलणं त्याने सोडलं. भांडला असता तर तिला सोसलं असतं. तिला वाटायचं, आपण त्याची आयुष्यभराची कमाई एका सकाळी उधळून टाकली. आणि तरी दुसरा मार्ग कोणता होता, हे तिला कितीही विचार करून सापडत नव्हतं.

दोन पावसाळ्यांनंतर एका रविवारी ती म्हणाली, "चला ना. तलाव भरून राह्यला. येकदा बघा तरी."

तो का तयार झाला, कोण जाणे. त्याने धुतलेला सदरा घातला. दोघं सावकाश पुलापर्यंत आले. गुरं आणि सायकली जाऊ नयेत म्हणून पुलाला दोन्ही बाजूंनी उंच पायऱ्या केल्या होत्या. बाजूला धरायला काही नव्हतं. झुंबरबाई त्या रोज झाडायची, पण ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती.

धर्मराजने कुबडी पहिल्या पायरीवर टेकवली, ताठ पाय ओढून वर घेतला. दुसऱ्या पायरीवर कुबडी घसरली. त्याने स्वतःला कसंबसं सावरलं. मागून फिरायला आलेली माणसं थांबली. पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ पुढे झाले आणि त्यांनी हात दिला.

"या, मी धरतो."

"नको साहेब," धर्मराज म्हणाला. "तुमी व्हा म्होरं."

तो बाजूला सरकून उभा राहिला. माणसं पुलावर चढली, पोरं पळत गेली. इथून पाणी दिसत नव्हतं. नुसता गार वारा येत होता.

"मी खांद्याला धरते," झुंबरबाई म्हणाली. "हळूहळू जाऊ."

"काय बघायचं हाय? म्याच बांधला त्यो." किती तरी दिवसांनी तो तिच्याशी एवढं बोलला होता. "चल घरी."

नंतरच्या हिवाळ्यात त्याला ताप आला आणि तो गेला. बेबीनंदा राजूरहून आली, आईला म्हणाली, "चल माझ्याकडं." झुंबरबाई नाही म्हणाली. जावयाच्या घरी किती दिवस बसून खाणार?

पुढे एका उन्हाळ्यात तलाव पुन्हा आटला. कुजलेल्या शेवाळाचा वास सुटला, लोकांनी येणं सोडलं. बागेची झाडं वाळली, फाटकाला कुलूप लागलं. कारभारी तोवर दुसऱ्या कामावर गेला होता. "उद्यापासून येऊ नको," हे तिला फाटकावरच्या माणसाने सांगितलं. त्याचंही काम त्याच दिवशी सुटलं होतं.

ती शेवटी राजूरला गेली. लेकीच्या मळ्यात ती खुरपायला जाई, सांगितलं तेवढं करी. नातवंडं विचारत, आजी, जालना कसं आहे? ती म्हणे, "मोठं हाय," आणि पुढचं तण उपटायला लागे.