मामाचे बारा व्होल्ट

माझ्या मामाच्या तावडीत सापडलेल्या वस्तूला सुखानं मरता येत नाही. फौजेत वायरलेस सांभाळून तो तासगावला परतला, तेव्हापासून तिथल्या भंगारवाल्याचा धंदाच बसला. बिघडलेल्या मिक्सरला तो आधी “काय दुखतंय?” असं विचारतो. एकदा शेजाऱ्यांच्या इस्त्रीला कान लावून “जवान, खरं बोल,” म्हणत बसला होता. बेदाण्याच्या शेडमधला बंद पंखा त्यानं दुरुस्त केला खरा, पण तो अशा जोमानं फिरला की निम्मा बेदाणा पलीकडच्या रानात जाऊन वाळला.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे असताना, मामीच्या दम्याच्या वाफेच्या मशीनचा ॲडाप्टर ऐन दुपारी जळला. बारा व्होल्टचा तसला ॲडाप्टर सांगलीहून यायला संध्याकाळ होणार होती आणि मामीची छाती तर वाजायला लागलेली. मी म्हणालो, “मामा, गाडी काढतो. दवाखान्यात नेऊ.”

“अर्धा तास दे,” म्हणत त्यानं माळ्यावरून भंगारातल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय ओढला. तो चालू करायला हिरवी तार काळीला टेकवली, त्याचा पंखा फिरला, मीटरवर बारा व्होल्ट! मी खूश झालो, तोच मामानं त्याला ट्रॅक्टरचा दिवा जोडला आणि आकडा आठवर घसरला.

“रिकामं असताना समदेच ताठ चालत्यात. वजन टाकल्याबिगर कळत न्हाई.”

प्लग काढून, आत साठलेला करंट उतरवून त्यानं झाकण उघडलं. वीज साठवणाऱ्या एका कपॅसिटरचं पोट फुगलं होतं. जुन्या टीव्हीतला तसलाच काढून बसवला. तरी दिवा मंद, पिवळाच.

आतून मामी धापा टाकत म्हणाली, “आवं, जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या.”

मामा पुन्हा सप्लायवर वाकला. मी गाडीची किल्ली उचलली. तेवढ्यात त्यानं लाकडी काडीनं बारा व्होल्टची पिवळी तार बुडाशी दाबली आणि दिवा भक्कन उजळला. तारेच्या सांध्याचं सोल्डर तडकलं होतं.

“घावलं गड्या!”

ते पक्कं करून सप्लाय जोडल्यावर मामीचं मशीन घरघरू लागलं. थोड्या वेळानं मामीनं मास्क बाजूला करून विचारलं, “च्या टाकू का?”

मामा खोलीत नव्हता. बाहेर नळाखाली तो स्वच्छ हात पुन्हा पुन्हा धूत होता. मला पाहून हळूच म्हणाला, “लय भ्यालो हुतो रं. हिचं सुटं सामान कुठल्याच भंगारात मिळत न्हाई.”