पिनेला लागलेलं कुंकू

या, व्हिडिओ कॉलवर सगळे दिसाल असे जरा जवळ सरकून बसा. आणि तो हातातला दुसरा फोन उलटा ठेवा बघू. गोष्ट सांगा म्हणून तुम्हीच मागे लागता, आणि मी तोंड उघडलं की तुमचे अंगठे सुरू. शिवाय दर वेळी खुनाचीच केस कशाला हवी असते तुम्हाला? माझ्या नोकरीतल्या बहुतेक खुनांत काही रहस्य नव्हतं. दारू, राग आणि सकाळी रडत बसलेला आरोपी, संपली केस.

आज सांगते ती केस निवृत्तीनंतरची. अंगावर वर्दी नव्हती, हाताखाली शिपाई नव्हता आणि इंग्रजीही कामापुरतंच. तरीसुद्धा त्या तपासाचा आनंद असा की अजून कुठे ढोल वाजला की सगळं जसंच्या तसं समोर उभं राहतं. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही. ती सवय जुनी आहे.

मी महाराष्ट्रात पोलीस शिपाई म्हणून भरती झाले आणि फौजदार होऊन निवृत्त झाले. कायदा शिकले तो ड्यूटीवरून घरी आल्यावर, पुस्तक पोळपाटाशेजारी उघडं ठेवून. आता लेकीकडे असते, ऑस्ट्रेलियात, स्प्रिंगफील्ड लेक्सला. इथे आपल्या लोकांचं ढोल-ताशा पथक आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर मान मोडणारी मंडळी वीकेंडला ढोल बडवतात आणि सोमवारी ताजीतवानी ऑफिसला जातात. त्या ढोलांसाठी इथल्या मराठी मंडळाने गाडीमागे ओढायचा एक बंद ट्रेलर घेतला. चार चाकांचा, चांगला वजनदार.

एवढ्या जड ट्रेलरमध्ये एक छोटी बॅटरी असावी लागते, फक्त संकटासाठी. धावत्या गाडीपासून ट्रेलर सुटला तर गाडीला अडकवलेली एक वायर ताणली जाते, तिच्या टोकाची पिन खोबणीतून बाहेर येते, आणि ती बॅटरी ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावते. पिन आत, ब्रेक सुटे. पिन बाहेर, ब्रेक लागले. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं मी सांभाळते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पार्कात पथकाचा कार्यक्रम होता. ट्रेलर मंडळाच्या सेक्रेटरींच्या ड्राइव्हवेवर उभा असायचा, त्यांनीच तो गाडीला जोडला आणि निघाले. तळ्याजवळच्या उतारावर गाडीचा आणि ट्रेलरचा सांधा निसटला. सांध्याचा खटका झिजला होता, ते पुढे सगळ्यांनी मान्यच केलं. सांध्याखालच्या सुरक्षेच्या साखळ्यांनी ट्रेलरला पुरतं पळू दिलं नाही, पण तो वळला, फूटपाथवर चढला, एका घराची पत्रपेटी आडवी केली आणि झाडाला टेकून थांबला. फूटपाथवर त्या क्षणी कुणी नव्हतं, हे नशीब. पिन सुटून लोंबत होती आणि ब्रेक मात्र लागलेच नव्हते. म्हणजे पिनेने काम केलं, बॅटरीने दगा दिला.

इथल्या पोलिसांनी येऊन शांतपणे सगळं पाहिलं आणि एकच विचारलं, बॅटरी शेवटची कधी तपासली होती? झालं. सगळी बोटं एका दिशेला वळली.

ती दिशा म्हणजे आमचा दाढीवाला. ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. शिकायला आला, खूप धडपडला आणि हे मनासारखं काम आत्ता कुठे मिळालेलं. मंडळाच्या ट्रेलरची बॅटरी तोच फुकटात चार्ज करायचा आणि तपासायचा. जिभेला हाड नाही. भर मीटिंगमध्ये कमिटीची टिंगल करायचा, त्यामुळे त्याच्यावर बरेच जण आधीपासून खार खाऊन.

"न तपासताच तपासली म्हणाला असणार," सेक्रेटरी मीटिंगमध्ये म्हणाले. "याला सगळ्याची मस्करीच वाटते."

गोष्ट वर्कशॉपच्या मालकाच्या कानावर गेली. त्याने दाढीवाल्याला सांगितलं, तपासल्याचं खोटं सांगणारा माणूस मला ब्रेकच्या कामावर नको. एक तर खुलासा आण, नाहीतर येऊ नकोस.

त्या संध्याकाळी तो आमच्या किचनमध्ये येऊन बसला. पहिल्यांदाच त्याला विनोद सुचत नव्हता.

"मावशी, तुम्ही तरी माझा जबाब घ्या. बाकी सगळ्यांनी डायरेक्ट निकालच दिलाय."

घेतला. आदल्या दिवशी काय केलंस, असं आधी पुढून विचारलं. मग चहा दिला आणि शेवटाकडून विचारलं. मग भलतंच काही बोलून मधूनच विचारलं. ठाण्यात हेच करायचो आम्ही. पाठ केलेला माणूस दर वेळी तेच शब्द वापरतो आणि मधून विचारलं की अडखळतो. याचे शब्द दर वेळी वेगळे आणि हकिकत तीच.

"वर्कशॉपला दिवसभर चार्जरवर ठेवली. संध्याकाळी ट्रेलरमध्ये बसवली. बटण दाबलं, हिरवा दिवा."

"मग झाली की टेस्ट."

"कसली झाली? भार नसला की मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा हिरवा दाखवते, मावशी. ट्रेलरचा प्लग गाडीतून काढला, म्हणजे गाडीची वीज मदतीला नको. पिन ओढली आणि गाडी हळूच पुढे घेतली. ट्रेलर जागचा हलला नाही. तेव्हा कुठे पास. मग पिन टक्कन परत बसवली."

"आणि निघायच्या दिवशी?"

"मी शिफ्टला होतो. यांनी निघताना परत ओढून बघायची ना."

मला पटलं. पण मला पटून काय उपयोग, पुरावा हवा. दुसऱ्या दिवशी ट्रेलर बघायला गेले. पिन अजून वायरला लोंबत होती. बोटाएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची. हात न लावता चष्मा वर करून नीट पाहिली आणि थबकलेच. पिनेच्या टोकाला लाल ठिपका होता, त्याखाली पिवळा. हळद आणि कुंकू.

दसऱ्याला आपण गाडीची, हत्यारांची पूजा करतो. ट्रेलरला कुंकू असणारच. दारावर होतं, चाकावर होतं. पण पिनेचं हे टोक पिन बसवलेली असताना खोबणीच्या आत असतं. तिथे कुणाचं बोट पोचणार कसं? पोचलं, याचा अर्थ पूजेच्या वेळी पिन बाहेर होती. आणि पिन बाहेर म्हणजे ब्रेक लागलेले, बॅटरी खर्च होत चाललेली. उभ्या ट्रेलरचे ब्रेक लागले तर कोणाला कळणार? बॅटरी संपली की ते आपोआप सुटतातही. सकाळी ट्रेलर गुमान गाडीमागे निघाला असणार.

पिन वायरपासून सोडवून स्वच्छ पिशवीत घातली, मुद्देमाल ताब्यात घेतला. आता प्रश्न एकच, पूजा कुणी केली?

उत्तर मला ठाऊक होतं आणि ते मला आवडलं नव्हतं. सेक्रेटरींच्या आई, आम्ही माई म्हणतो त्यांना, माझ्या रोजच्या फिरायच्या सोबतीण. तळ्याभोवती फिरताना ही बाई श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही. पण अपघात झाल्यापासून गुडघा दुखतो म्हणून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. लंगडताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

मुलगा-सून कामावर असताना गेले. माई शेंगा सोलत होत्या. मीही चार शेंगा हातात घेतल्या.

"माई, दसऱ्याला ट्रेलरची पूजा तुम्हीच केलीत ना?"

"मीच. संध्याकाळी तो बॅटरी बसवून गेला, त्यानंतर. सूनबाईला सुट्टी नव्हती."

"हार सुंदर होता हो. कुठे बांधलात?"

"पुढे दांड्यापाशी. तिथे एक वायर होती, तिलाच गाठ..." आणि त्यांचे हात थांबले.

चौकशीत गप्प बसणं सगळ्यात अवघड काम. नवे लोक घाईने पुढचा प्रश्न टाकतात आणि ओठावर आलेला जबाब परत आत जातो. मी शेंगा सोलत राहिले.

"गाठ आवळताना काहीतरी टक्कन हातात आलं," माई म्हणाल्या. "वाटलं, मोडलं. मुलगा सकाळपासून ढोलाच्या दोऱ्यांवरून चिडलेला. म्हटलं, सणाच्या दिवशी नको. त्यालाही हळदकुंकू लावलं आणि तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रेलर गाडीला जोडायच्या आधी, निर्माल्य काढताना परत खोचून बघितलं, तर बसलं. मला वाटलं, मिटलं."

"मग नंतर का नाही बोललात?"

"इथे मला काय येतं हो? ना गाडी, ना ती मशिनं. एक देवाधर्माचं तेवढं माझ्याकडे. सांगितलं तर म्हणतील, आई, तू कशाला हात लावू नकोस. मग मी दिवसभर करू काय?" डोळे पुसून म्हणाल्या, "त्याची नोकरी जाणार म्हणतात ना? घास उतरत नाही माझा. करा मला काय शिक्षा करायची ती."

"शिक्षा एकच. शनिवारी सगळ्यांसाठी मिसळ करायची. आणि मी सांगेन तेव्हा हेच, याच शब्दांत बोलायचं."

शनिवारी ड्राइव्हवेवर सगळे जमले. ट्रेलरचा खटका तोवर बदलून झाला होता. दाढीवाल्याचा मालकही आला, हाताची घडी घालून उभा. माझ्या इंग्रजीवर कुणाची केस सोडायची नाही, म्हणून लेकीला दुभाषी केलं.

दाढीवाल्याने चार्ज केलेली बॅटरी आणि नवी पिन बसवली, प्लग काढला, पिन ओढली. गाडीने जोर लावला, ट्रेलर ढिम्म. मग मी सांगितलं, "पिन तशीच बाहेर राहू दे. आता मिसळ खाऊ."

"ब्रेकसाठी बरं नाही हं हे, मावशी. एकदाच," तो पुटपुटला.

खाणं झालं, मालकाने पाव दोनदा मागून घेतला, पाणी पीत पीत डोळे पुसले. मग पिन आत बसवली. बटण दाबलं, लाल दिवा. पिन पुन्हा ओढली आणि गाडी पुढे घेतली. तो अवजड ट्रेलर वासरासारखा मागोमाग चालू लागला.

मी पिशवीतली पिन वर धरली, कुंकू दाखवलं आणि माईंकडे पाहिलं. माई पुढे आल्या. सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

सेक्रेटरी लालेलाल. "आई, अगं, मला सांगायचं ना."

"तू ऐकायच्या मूडमध्ये कधी असतोस ते एकदा सांगून ठेव."

पहिला हसला तो दाढीवाला, मग सगळेच. सेक्रेटरींनी चारचौघांत त्याचा हात धरून माफी मागितली. मनापासून मागितली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि स्वतःहून म्हणाले, "निघताना मी पिन ओढून बघायला हवी होती. काल झालीये म्हटलं आणि निघालो."

मालकाने लेकीकडून सगळं समजून घेतलं, पिन हातात घेऊन फिरवून पाहिली, माझ्याकडे बघून मान तुकवली. मग दाढीवाल्याला म्हणाला, "मंडे मॉर्निंग, मेट. डोन्ट बी लेट."

एवढ्या वर्षांत कितीतरी आरोपी पकडले मी. त्या दिवशी कळलं की निर्दोष माणूस सोडवून आणण्याची चव काही वेगळीच असते. बॅटरी काय आणि माणूस काय, भार पडल्याशिवाय दिव्यावर विश्वास ठेवू नये. दाढीवाल्यावर भार पडला, तो टिकला. माई थोड्या वाकल्या, पण वेळेवर उभ्या राहिल्या. आणि कालची तपासणी कालच्यापुरती, हे तर ठाण्याच्या प्रत्येक लॉकअपवर लिहून ठेवावं असं.

आता ट्रेलर निघायच्या आधी पिन माई ओढतात. मंडळाने तसं ठरवूनच टाकलंय. गाडी जोर लावते, ट्रेलर हलत नाही, माई ओरडतात, "पास," आणि स्वतःच्या हाताने पिन टक्कन आत बसवतात. मगच हार, तोही दाराच्या कडीला. दाढीवाला म्हणतो, माझ्या वर्कशॉपमध्येसुद्धा इतकी कडक इन्स्पेक्टर नाही.

तुम्ही एकदा येऊन बघाच. फोनवर मावशी-मावशी करता आणि वर्ष वर्ष तोंड दाखवत नाही. जांभळा जॅकरंडा फुललाय, तळ्याकाठी आम्ही दोघी रोज संध्याकाळी असतो. लवकर या. मिसळ माईंकडे आहे, चहा माझ्याकडे. आणि ट्रेलर घेऊन येणार असाल, तर निघण्याआधी पिन ओढून बघा. माई दारातच विचारणार आहेत.