खारं की गोडं

धक्क्यावर त्यांना सगळे चाखेबुवा म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त परवान्याच्या कागदावर. खाडीच्या या काठाहून त्या काठाला माणसं नेणारी चोवीस आसनांची लाकडी बोट ते एकोणतीस वर्षं चालवत होते. धक्क्यावरच्या खिडकीत बसून तिकिटं फाडायला त्यांची बायको. दोघांचं भांडण अख्ख्या खाडीला ऐकू जाई, त्यामुळे ती नवराबायको आहेत हे कुणाला वेगळं सांगावं लागत नसे.

नाव पडलं ते सवयीवरून. लाकडी बोटीच्या तळाशी, पायाखालच्या फळ्यांखाली, थोडंफार पाणी असतंच. नाही म्हणणारा बोटवाला थापा मारतो. प्रश्न एवढाच, की ते आलं कुठून. रोज सकाळी बुवा मागची फळी उचलत, खाली करंगळी बुडवत आणि जिभेला लावत. गोडं लागलं तर पाणी वरचं: दव, धुताना सांडलेली बादली, पिण्याच्या पाण्याचं गळकं पिंप. फडक्याने टिपायचं, विषय संपला. खारं लागलं तर पाणी खालचं, म्हणजे खाडी आत यायला लागली आहे. मग गुमान बोट काठावर ओढायची. डिझेलच्या तवंगासकट पाणी तोंडात घालणं हे काही शहाणपणाचं लक्षण नव्हे, आणि बायकोने ते त्यांना लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. पण जीभ कधी चुकली नाही. इतर बोटवालेही बोलवायला येत. "बुवा, जरा जीभ लावून जा की." बुवा जात, चाखत, थुंकत आणि एका शब्दात निकाल देत. त्यावर अपील नसे.

गेल्या थंडीत त्यांना ताप आला, त्यावर सर्दी. दोन्ही गेली आणि जाताना चव घेऊन गेली. आधी वाटलं, येईल परत. महिना झाला, दोन झाले. मीठ, साखर, लिंबू, साबण, सगळं एकाच माळेचे मणी. साबणही त्यांनी खरंच चाखून पाहिला, मोरीचं दार लावून. कुणाला सांगितलं मात्र नाही. माणसाजवळ नावाजण्यासारखी एकच गोष्ट असली, की ती गेल्याचं तो मरेपर्यंत कबूल करत नाही. हा मूर्खपणा शिकलेल्यांतही तितकाच आहे.

मग ते अंदाजाने सांगू लागले. बोट किती जुनी, पाणी किती, मालक आळशी की कामसू. चार जणांना त्यांनी "गोडं" म्हणून सांगितलं. चौघेही खूश. एकही बोट बुडाली नाही. बुवांना वाटू लागलं, की इतकी वर्षं जीभ नुसती नावाला होती, काम डोक्यानेच केलं.

बुधवारी पलीकडच्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासायचे होते. या काठावरच्या बावीस जणांनी नावं दिली होती. सगळी सत्तरीपुढची, निम्म्यांच्या हातात काठी. त्यांतल्या कुणाला पोहता येतं का, हा प्रश्न विचारण्यातही अर्थ नव्हता.

मंगळवारी दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे बुवांनी मागची फळी उचलली. एरवी वाटीभर असायचं, ते पाणी आज घोट्याएवढं होतं. त्यांनी करंगळी जिभेला लावली. ओलं लागलं, बाकी काही नाही.

"काय हो?" बायको धक्क्याच्या पायरीवर येऊन उभी होती.

"गोडं."

"एवढं गोडं आलं कुठून?"

"पिंप गळत असेल."

"पिंप सकाळी भरलंय मी. अजून काठोकाठ आहे."

"काल बोट धुतली नाहीस का?"

"धुतली की. दोन बादल्यांत. हे दोन बादल्यांचं आहे का?"

"तू तिकिटं फाड," बुवा म्हणाले आणि पंप आणायला पुढे गेले.

दिवेलागणीला दोघं घरी जेवायला बसली. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत उसवलेल्या लाइफ जॅकेटांचा ढीग, मागच्या खोलीत स्वयंपाक. बायकोने ताटाशेजारी पाण्याचा ग्लास ठेवला. बुवांनी तो घटाघटा रिकामा केला.

"कसं होतं पाणी?"

"पाणी कसं असणार? गार."

"आणखी देऊ?"

"दे."

दुसरा ग्लास निम्मा झाल्यावर ती म्हणाली, "चमचाभर मीठ आहे त्यात."

बुवांनी ग्लास खाली ठेवला.

"कधी कळलं तुला?"

"दोन महिने झाले. भाजीत मीठ विसरले, तुम्ही बोटं चाटून खाल्लीत. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुप्पट टाकलं, तर 'छान झालीय' म्हणालात. एकोणतीस वर्षांत छान हा शब्द तुमच्या तोंडून आला होता का कधी?"

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल. आणि दोन महिने ताटाला नावं ठेवणारं कुणी नव्हतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं." तिचा आवाज उतरला. "आज तुमची पाठ वळली तेव्हा मी चाखलं ते पाणी. खारं आहे. नुसतं खारं."

"पंप चालू ठेवला तर एक फेरी सहज निघते."

"बावीस माणसं आहेत हो."

बुवांनी उरलेला घास गिळला. "तुझ्या भावाला बोलव सकाळी," ते म्हणाले.

भाऊ लाकडी बोटींचा सुतार. सकाळी हत्यारांची पेटी घेऊन आला आणि फळीखाली डोकावून बोलला, "दाजी, मागच्या पंख्याच्या दांड्याचं पॅकिंग गेलंय, पाणी तिथून येतंय. पाणी बघा ना कुठे साठलंय, बरोब्बर तिथेच."

"साठलंय तिथे, कारण बोट मागे जड आहे. पाणी तिथे राहतं, आलं कुठून ते वेगळं. तळ कोरडा कर आधी."

दोघांनी पाणी उपसलं, फडक्यांनी तळ टिपून काढला. मग बुवांनी दात घासायची पांढरी पावडर पुढपासून मागपर्यंत भुरभुरली आणि पालथे पडून पाहत राहिले. मेहुण्याने दोन विड्या ओढल्या. तेवढ्यात पांढऱ्यावर एक काळसर रेघ उमटली, आणि ती मागून नव्हे, बोटीच्या मधल्या फळीपासून निघाली होती. मेहुण्याने तिथे पेचकस टेकवला. तो लोण्यात जावा तसा आत गेला. खिळा गंजून संपला होता आणि भोवतालचं लाकूड कुजलं होतं.

"आयला," मेहुणा म्हणाला. "भरल्या वजनाने फळीच सुटली असती."

तोवर धक्क्यावर बावीस म्हातारी माणसं जमली होती. बहिणीच्या नवऱ्याची अब्रू राखायची म्हणून मेहुणा वर गेला आणि म्हणाला, "इंजिन बिघडलंय. आज बोट बंद."

"मग आम्ही काय उडत जायचं?" एक आजी कडाडल्या.

शेजारच्या बोटीचा मालक पुढे सरसावला. "माझ्या बोटीत बसा. काळजी नको, गेल्याच महिन्यात बुवांनी पास केलीय."

माणसं तिकडे वळली. पहिल्या आजोबांनी काठी आत टाकली, एक पाय फळीवर ठेवला.

बुवा तळातून वर आले होते. तोंडाला, मिशांना पांढरी पावडर. मेहुण्याने डोळ्यांनी खुणावलं, की गप्प राहा.

"थांबा," बुवा म्हणाले. "बसू नका त्यात. इंजिन ठीक आहे, बोट फुटलीय माझी. काल मी गोडं म्हणालो, ते पाणी खारं होतं. थंडीपासून मला चव लागत नाही. याची बोट मी अंदाजाने पास केली."

शेजारच्या मालकाचं तोंड उघडंच राहिलं. "बुवा, महिनाभर माणसं वाहतोय मी!"

"माहीत आहे."

"मला सांगायचं तरी!"

"सांगायला हवं होतं."

काठीवाल्या आजोबांनी पाय मागे घेतला. "म्हणजे दाखवायला मी निघालोय डोळे, आणि आंधळे तुम्ही," ते म्हणाले. दोघंतिघं हसली, मालक हसला नाही.

तिकीट खिडकीचं दार वाजलं. बायको पदर खोचून त्या बोटीत उतरली, मागची फळी तिने स्वतःच उचलली, करंगळी बुडवली, चाखली आणि पाण्यात थुंकली.

"गोडं," ती म्हणाली. "बसा."

मालकाने एकदा तिच्याकडे, एकदा बुवांकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं. पुढे झालं एवढंच, की म्हातारी माणसं दोन फेऱ्यांत पलीकडे पोचली आणि आजींनी जाताना बुवांना "आधी सांगायला जीभ झिजली असती का" असं सुनावलं. बुवांनी ऐकून घेतलं.

बोट काठावर चढवून, फळी बदलायचं काम मेहुण्यावर सोपवून दोघं नवराबायको निघाली. बुवांनी अंदाजाने पास केलेल्या चौघांपैकी अजून तीन बोटवाले राहिले होते. पहिल्याचं पाणी गोडं निघालं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याची बोट लांबच्या टोकाला होती, आणि तो त्यांना पाहताच म्हणाला, "बुवा, अलीकडे रोज उपसावं लागतं. पण गोडंच ना, म्हणून लक्ष नाही दिलं."

बायकोने करंगळी बुडवली. चाखली. या खेपेला थुंकायला तिने जरा वेळ घेतला.

"खारं," ती म्हणाली.

बुवांनी खिशातून पावडरचा डबा काढला. "फडकी आण," ते त्या माणसाला म्हणाले. "आणि तुला मला जे काय सुनवायचंय ते तळ कोरडा करता करता सुनाव."